झूम करणं आणि जवळ जाणं
फोटोग्राफी शिकवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "लांब लेन्स मागचं दृश्य पुढे खेचते." त्याचंच भावंड: "वाइड लेन्स नाक मोठं करते." (लांब लेन्स दूरचं मोठं करून दाखवते, वाइड लेन्स चौकटीत जास्त रुंद दृश्य घेते.) दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. ती वहीत उतरवून घेतलेला विद्यार्थी पुढे वर्षानुवर्षं लेन्स बदलत राहतो, उभं राहायची जागा मात्र बदलत नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

झूम म्हणजे काय हे कुणाला समजावायला नको. दोन बोटं फाकवली किंवा रिंग फिरवली की लांबचं मोठं दिसतं. झूम केल्यावर हात जरा हलला तरी फोटो हलतो, बऱ्याच लेन्समधून प्रकाशही कमी येतो. हे फरक आठवडाभर कॅमेरा हाताळला की आपोआप कळतात, त्यावर तास खर्च करू नये.

गोंधळ होतो तो पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे चित्रकलेत ज्याला यथार्थदर्शन म्हणतात त्याचा. जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या तुलनेत किती मोठी दिसते, ते गुणोत्तर. ते फक्त कॅमेरा कुठे आहे यावर ठरतं. लेन्स कोणती, यावर अजिबात नाही.

आकडे घालून बघू. एक माणूस तुमच्यापासून २ मीटरवर उभा आहे आणि त्याच्या मागे १८ मीटरवर एक झाड आहे. म्हणजे झाड तुमच्यापासून २० मीटर, माणसाच्या दहापट लांब. तेच झाड माणसाशेजारी असतं तर जेवढं दिसलं असतं, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं ते आता दिसणार. आता जागा न सोडता पाचपट झूम करा. माणूस पाचपट मोठा झाला, झाडही पाचपट मोठं झालं. दहास एक हे प्रमाण होतं तिथेच राहिलं, फक्त चौकटीच्या कडा आत आल्या आणि माणसाचे पाय कापले गेले.

आता मागे या. माणूस १० मीटरवर, झाड २८ मीटरवर. झाड आता दहापट नाही, जेमतेम २.८ पट लांब आहे. इथून पाचपट झूम केलं तर माणूस पहिल्या फोटोएवढाच दिसेल, पण झाड त्याच्या मागे साडेतीन पटींहून मोठं उभं राहील. ते कुणी खेचून आणलं? तुम्ही मागे सरकलात त्या ८ मीटरांनी. लेन्सनं फक्त माणसाचा आकार पूर्ववत केला.

नाकाचंही हेच. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १० सेंटीमीटर मागे असतो असं धरा. फोन नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान ४० वर आला, म्हणजे नाक कानाच्या मानानं एक-तृतीयांश जास्त मोठं दिसणार. दीड मीटरवर गेलात की हाच फरक पंधराव्या हिश्श्यावर येतो. त्या ३० सेंटीमीटरवरून कुठल्याही लेन्सनं बघा, अगदी एक डोळा मिटून नुसत्या डोळ्यानं बघा, नाक तेवढंच पुढे येतं.

मग चूक इतकी चिवट का? कारण वाइड लेन्स लावली की चौकट भरायला माणूस नकळत पुढे जातो, लांब लेन्स लावली की मागे सरकतो. पाय काम करतात आणि श्रेय लेन्सला मिळतं. वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येतं. एका जागेवरून एक वाइड फोटो घ्या, तिथूनच एक झूम करून घ्या, मग वाइड फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करा. बारकावे कमी असतील, धूसरपणा वेगळा असेल, पण खांबामागून खिडकी जिथे डोकावते तिथेच ती दोन्हीकडे डोकावेल, केसभरही इकडेतिकडे नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर लेन्सची आहे. वाइड फोटोच्या अगदी कडेला आलेले चेहरे ताणलेले, अंडाकृती दिसतात, कारण रुंद कोन सपाट प्रतलावर पसरावा लागतो. ग्रुप फोटोत टोकाला उभ्या राहणाऱ्याची तक्रार रास्त असते. तेवढं मान्य करून पुढे जाऊ.

मोठ्या छायाचित्रकारांची चरित्रं शिकवतानाही हाच गोंधळ वर्गात शिरतो. "फोटो पुरेसे चांगले येत नसतील, तर तुम्ही पुरेसे जवळ नाही," हे युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य प्रत्येकाला पाठ असतं, आणि विद्यार्थी ते ऐकून झूम करतो. कापा २५ मे १९५४ रोजी इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये, भूसुरुंगावर पाय पडून गेला. ३५ मिमी स्थिर कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स, फोक्टलेंडर या जर्मन कंपनीची झूमार, बाजारात आली १९५९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ ला, फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावर तो सैनिकांबरोबर उतरला तेव्हा त्याच्याकडे ५० मिमी लेन्स (ना वाइड, ना लांब) लावलेले कॉन्टॅक्स कॅमेरे होते. सैनिक मोठा दिसायला हवा तर त्या पाण्यात सैनिकाजवळच असावं लागत होतं. त्याच्या "जवळ"चा अर्थ मीटरमध्ये मोजायचा आहे. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांच्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यालाही फोटो घेणारी लेन्स एकच, पक्की बसवलेली होती. नेत्यांच्या गर्दीत काय मोठं दिसणार हे त्या कुठे उभ्या आहेत यावर ठरायचं.

म्हणून चरित्र शिकवताना जन्मसाल, पुरस्कार आणि कॅमेऱ्याचं मॉडेल यांची यादी देणं मला पटत नाही. आधी विचारावं: हा फोटो काढणाऱ्याचे पाय नेमके कुठे होते?

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगची गोष्ट त्यासाठी मला सर्वांत आवडते. सातव्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय कायमचा अधू झाला, आयुष्यभर ती लंगडत चालली. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात, महिनाभराचं काम संपवून घरी परतताना, निपोमोजवळ मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी तिला दिसली. ती थांबली नाही. साधारण वीस मैल पुढे गेल्यावर तिनं गाडी वळवली. तंबूत मुलांसह बसलेली एक आई होती. पुढे १९६० मध्ये लिहिताना लँगनं सांगितलं की त्याच दिशेनं आणखी जवळ, आणखी जवळ जात तिनं पाच फोटो घेतले. 'मायग्रंट मदर' या नावानं जगाला माहीत असलेल्या चौकटीत तंबू जवळपास नाहीसा झालाय: आईच्या खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं बाळ, गालाशी टेकलेला हात.

लांबून लांब लेन्सनं चेहरा तेवढाच मोठा आला असता. पण झूम केल्याचं समोरच्याला कळतही नाही. जवळ आलेलं कळतं. लँगनं तिला नाव विचारलं नाही, पण बोलणं झालं, आणि वय ३२ असल्याचं त्या आईनं स्वतः सांगितलं. ग्राफ्लेक्ससारखा बोजड कॅमेरा घेऊन अधू पायानं टाकलेली ती पावलं फोटोत आहेत, असं मी विद्यार्थ्यांना मनापासून सांगतो.

पक्षी, वाघ, मैदानातला खेळाडू यांच्यासाठी लांब लेन्स लागतेच. तिथे पुढे जाता येत नाही किंवा जाऊ नये. पण शिकण्याचे पहिले तीन महिने मी झूमच्या रिंगला ५० मिमीवर चिकटपट्टी लावायला सांगतो. फोन असेल तर मुख्य लेन्सवर ठेवून स्क्रीनवर बोटं फाकवायची नाहीत. त्यानंतर पट्टी काढून एकच गृहपाठ. आधी अनोळखी माणसाची परवानगी घ्यायची, मग दहा मीटरवरून झूम करून त्याच्या चेहऱ्याचा फोटो. मग झूम मागे घेऊन चेहरा तेवढाच मोठा दिसेपर्यंत चालत जायचं आणि दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून आधी कान बघायचे, मग मागची भिंत, मग डोळे. दुसऱ्या फोटोआधी त्या माणसाशी काहीतरी बोलावंच लागतं, आणि बऱ्याच मुलांचा अर्धा तास तिथेच जातो. तो वेळ मी कधी कमी करत नाही.