कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी? तसं नसतं!

पहिली जुनी गाडी घेणाऱ्या पोरांना हमखास मिळणारा सल्ला: ‘किलोमीटर कमी असतील तर डोळे झाकून घे.’ त्यातलं डोळे झाकणं तेवढं टाळा.

हा आकडा मागे फिरवता येतो, डिजिटल मीटरमध्येसुद्धा. आणि तो खरा असला तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे रबरी सील, पाइप कडक होतात, बॅटरी बसते, ब्रेक डिस्कला गंज चढतो. टायमिंग बेल्ट (इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलण्याची मुदत म्हणूनच किलोमीटरसोबत वर्षांतही दिलेली असते. जे आधी भरेल ते लागू. नियमित धावलेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली जास्त किलोमीटरची गाडी मला केव्हाही बरी वाटते.

मीटरपेक्षा पेडलचं रबर बघा. आकडा कमी आणि रबर गुळगुळीत, तर काहीतरी गडबड आहे. टायरच्या कडेवर तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळतंय. आणि सोबत मेकॅनिक न्या, गाड्यांतलं ‘सगळं कळणारा’ मित्र नव्हे.