अपघातात जखमी झालात तर भरपाईचा दावा कसा करायचा: कागदपत्रं, मुदत आणि कोर्ट

माझ्या चुलतभावाला लांज्याजवळ हायवेवर डंपरने उडवलं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, आत रॉड टाकलाय. तो अजून वॉर्डात होता तेव्हाच डंपरवाल्याचा माणूस येऊन म्हणाला, "कोर्टकचेरी कशाला, वीस हजार घ्या नि मिटवून टाकूया", आणि आमच्या घरातली निम्मी माणसं तयारपण झालेली. म्हणून कळकळीने सांगतो, असल्या कागदावर सही करू नका. भरपाई बहुतेक वेळा त्या गाडीची इन्शुरन्स कंपनी देते, थर्ड पार्टी इन्शुरन्स (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा) सक्तीचा केलाय तो त्यासाठीच.

पहिली गोष्ट हॉस्पिटलातली. केसपेपरवर "रस्ता अपघात" असं लिहून घ्या आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) नोंद झाली का ते विचारा. पोलिसांची कटकट नको म्हणून बरोबरचे लोक "घसरून पडला" सांगतात आणि दोन वर्षांनी इन्शुरन्सचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. खर्चाचं म्हणाल तर 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून 7 दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार, पण ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांतच, तेव्हा अॅडमिट करतानाच विचारायचं.

मग पोलिस स्टेशन. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचं आरसी, इन्शुरन्स पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन यांच्या कॉप्या मागून घ्या. गाडीचा नंबर असेल तर एमपरिवहन अॅपवर इन्शुरन्स चालू आहे का ते लगेच दिसतं. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला रिपोर्ट आणि 90 दिवसांत सविस्तर रिपोर्ट ट्रिब्युनलला, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो. पण त्यावर विसंबून राहू नका, आपला अर्ज आपण करायचा.

अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (हेच ते ट्रिब्युनल) होतो, म्हणजे आपल्याकडे कोकणात रत्नागिरी, ओरोस, अलिबागच्या जिल्हा कोर्टात. मुदत अपघातापासून 6 महिने. (ती उलटली असेल तरी घरी बसू नका, या मुदतीचा वाद सुप्रीम कोर्टात गेलाय, वकिलाला विचारा.) गणपतीला गावी येताना अपघात झाला आणि तुम्ही राहता मुंबईत, तर अर्ज मुंबईतही चालतो, तारखांना गावी खेपा घालायची गरज नाही. वकील परवडत नसेल तर त्याच कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे चौकशी करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

अर्जाला आधार, पॅन, बँक पासबुक, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं, एक्स-रे आणि अपंगत्वाचा दाखला जोडायचा. मेडिकलची ती गुळगुळीत बिलं काही महिन्यांत पांढरी होतात, भावाच्या सात बिलांवर आता आकडाच दिसत नाही, त्यामुळे बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स. एक्स-रेच्या फिल्मी पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात, मध्ये कोरा कागद घालून ठेवा. रिक्षा-गाडीभाडं, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, हेही लिहून ठेवा, मागता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उत्पन्न. नोकरीवाल्याची सॅलरी स्लिप असते, आपल्या बागायतदाराने नि खलाशाने काय दाखवायचं? भावाने सातबारा, वाशीच्या दलालाच्या तीन वर्षांच्या आंब्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) आणि बँकेचं स्टेटमेंट लावलं. खलाशाने नौकामालकाचा नाहीतर मच्छीमार सोसायटीचा दाखला घ्यावा आणि देणाऱ्याने साक्षीला यायची तयारी ठेवावी, नुसत्या कागदाला वजन नसतं.

हिशोब असा होतो. समजा वय 35, महिन्याला 15,000, म्हणजे वर्षाचे 1,80,000. कमावण्याची ताकद 40 टक्के गेली तर 72,000, आणि या वयाला 16 ने गुणतात, झाले 11,52,000. पुढे वाढणारं उत्पन्न, औषधोपचार, वेदना यांचे पैसे वेगळे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, अपंगत्वाच्या दाखल्यावर 20 टक्के लिहिलं असलं तरी कोर्ट तुमच्या कामाचं किती नुकसान झालं ते बघतं. भाऊ आज सपाट जागेवर चालतो, पण झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन आंब्याच्या कलमावर चढू शकत नाही, आणि त्याचं पोट त्या चढण्यावर होतं. हे साक्षीत सांगायला लागतं आणि डॉक्टरकडूनही वदवून घ्यायला लागतं.

हेल्मेट नव्हतं म्हणून दावा आपोआप मरत नाही, फार तर रक्कम कमी होते. चूक सगळी तुमचीच असेल तर मात्र 166 चा उपयोग नाही, तेव्हा स्वतःच्या पॉलिसीतला पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर बघा. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर अर्ज वेगळा, तो अपघात झाला त्या भागाच्या प्रांत किंवा तहसील ऑफिसात द्यायचा, गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख मिळतात.

लोकअदालतीत कंपनी ऑफर देते. पैसे लवकर मिळतात, पण तिथे मिटवलं की पुढे अपील नाही, म्हणून वरचा हिशोब आधी घरी मांडून मगच हो म्हणा. निकाल लागला तर कंपनीने 30 दिवसांत रक्कम भरायची असते आणि कमी वाटली तर 90 दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, रायगडवाल्यांचं मात्र मुंबईलाच.