पूर बघायला गेलेली माणसं

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर घरात बसत नाहीत. होळकर पुलावर, गाडगे महाराज पुलावर कठड्याला खेटून गर्दी उभी राहते. एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाइल, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न : "मारुती कुठवर?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेकचे आकडे बातम्यांपुरते. गावाला पूर कळतो तो मारुतीच्या अंगावरून.

मीही जाते. आणि दर वेळी वाटतं, जग संपल्यानंतरच्या गोष्टी सांगणाऱ्या सिनेमांचा प्रेक्षक हाच. पाणी चढलं की याच्या पोटात गोळा येतो, आणि उतरायला लागलं की हाच हिरमुसतो.

आता याला नुसती रिकामटेकडी हौस म्हणून सोडून देता येत नाही. डासांच्या अळ्या खायला आपण टाक्यांत गप्पी मासे सोडतो ना, त्यांच्या वागण्याचा जीवशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. मोठा शिकारी मासा दिसला की गप्पी नुसते पळत नाहीत. दोन-चार जण कळपातून सुटून त्याच्या दिशेने जातात, न्याहाळतात, मागे फिरतात. आफ्रिकेतली थॉमसन गझेल हरणं चित्त्याच्या बाबतीत हेच करतात. यात जीव जाऊ शकतो, तरी ही सवय टिकली, कारण शत्रू भुकेला आहे की पोट भरलेला, हे कळणं फार मोलाचं. माणूस त्यापुढे एक पाऊल गेला. त्याने चित्ता पडद्यावर आणला आणि समोर खुर्च्या मांडल्या. नाशिकला मुक्काम असताना दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला, तेव्हाही पेटलेलं शहर बघायला लोक लोटलेच होते.

या सिनेमांचा साचा तुम्हाला पाठ असेल. ओसाड रस्ता, गंजलेल्या गाड्यांची रांग, एकटा नायक आणि शक्यतो एक कुत्रा. लुटलेलं दुकान, रेडिओची खरखर, पेट्रोलवरून मारामाऱ्या, टोळीचा माथेफिरू म्होरक्या, जपायचं एक मूल, आणि दूर कुठेतरी असलेली, असं म्हणतात, हिरवी जागा. प्रत्यक्ष प्रलय बहुतेकदा पहिल्या पाच मिनिटांत उरकून घेतात. खरी मजा पुढच्या वजाबाकीत. वीज वजा करा, नळ वजा करा, मग पैसा. माझ्या शहरात, नाशिकरोडला, नोटा छापतात. अशा सिनेमात नायक शेकोटी पेटवायला नोटांचं बंडल घेतो तेव्हा मला जरा जास्तच हसू येतं. एकेक गोष्ट काढून घेतली की आपण कशावर उभे आहोत ते दिसायला लागतं, एरवी ते दिसत नाही. दोन तास आपण मनातल्या मनात हिशेब करत बसतो : मी असते तर पाणी कुठून आणलं असतं?

हा हिशेब उपयोगी पडतो का? २०२० साली कोरोनाच्या पहिल्या लाटेत काही मानसशास्त्रज्ञांनी ३१० जणांना त्यांच्या सिनेमांच्या आवडीबद्दल आणि त्यांचं तेव्हा कसं चाललं आहे याबद्दल विचारलं. झॉम्बी, परग्रहवासी आणि जगाचा अंत असले सिनेमे आवडणाऱ्यांनी त्या परिस्थितीसाठी आपली तयारी जास्त असल्याचं सांगितलं. आता हा आवडीचा आणि तयारीचा नुसता संबंध आहे. मुळातच सावध असलेली माणसं असे सिनेमे बघतात, असंही असू शकतं. पण सराव म्हणून बघायला हरकत नाही. फक्त सरावाचं पुस्तक चुकीचं आहे.

पेट्रोलचंच घ्या. लॉकडाऊनमध्ये माझी जुनी स्कूटर चार महिने जिन्याखाली उभी होती. नंतर किका मारून पाय दुखला, पण ती ढिम्म. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून खालची वाटी माझ्या नाकासमोर धरली. तळाशी काकवीसारखा तपकिरी थर, आणि वास जुन्या वॉर्निशचा. "शिळं झालंय पेट्रोल, ताई," तो म्हणाला. अगदी शास्त्रशुद्ध निदान. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन सुरू करायला नेमके तेच लागतात. उरलेल्यांपैकी काहींचा हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होऊन चिकट डिंक तयार होतो, तो बारीक छिद्रं बुजवतो. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी पुरेसं झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. नीट बंद डब्यात, टिकाऊपणाची रसायनं घालून ठेवलेलं पेट्रोल वर्ष-दोन वर्षं निघेल. जगबुडीनंतर वीस वर्षांनी? म्होरक्याने बैलगाडीतूनच यायला हवं.

डिझेलवाल्यांना थोडी आशा आहे. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. म्हणजे हा सिनेमा आपल्याकडे घडला तर लढाई रिफायनरीसाठी नाही, तेलघाण्यासाठी होईल.

दुसरी चूक वाळवंटाची. या सिनेमांत जग संपलं की सगळीकडे वाळवंटच. २०१५च्या 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'चं चित्रीकरण आधी ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला व्हायचं होतं. तिथे अवचित भरपूर पाऊस पडला, माळ फुलांनी भरून गेला, आणि मंडळींना ओसाडपणाच्या शोधात नामिबिया गाठावं लागलं. माणूस निघून गेल्यावर पाऊसपाण्याच्या प्रदेशाचं काय होतं ते प्रिप्यातमध्ये दिसतं. एप्रिल १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर रिकाम्या झालेल्या त्या शहरात आता इमारतींमधून जंगल वाढलं आहे, आजूबाजूच्या भागात लांडगे आहेत, १९९८मध्ये सोडलेले रानघोडे आहेत.

नाशिकमध्ये तर वेळच लागणार नाही. जुन्या नाशकातल्या पडक्या वाड्यांच्या भिंतींत पिंपळाने आत्ताच मुळं घातली आहेत, माणसं शेजारी राहत असताना. बिबट्याही उसातून कॉलनीत येऊन जातोच. हरेल ते द्राक्ष. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी करून शेतकरी तिला वेळापत्रक लावून देतो. ती कात्री थांबली की वेल मांडवभर नुसती पाल्याने माजेल, आणि जे काही घड येतील त्यांच्यावर फवारणीवाचून भुरी आणि डाऊनी हे रोग बसतील. शेवटचा माणूस द्राक्षं खात बसलाय, हे दृश्य पिंपळगावात घ्यायचं तर पहिल्या वर्षीच घ्यावं लागेल.

सगळ्यात मोठी चूक मात्र माणसांच्या बाबतीत होते. संकट आलं की सभ्यतेचा मुलामा उडतो आणि आतला लांडगा बाहेर येतो, हे या सिनेमांचं गृहीतक. चार्ल्स फ्रिट्झ आणि एन्रिको क्वारांटेली या समाजशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत आपत्तींचा अभ्यास केला तेव्हा चित्र उलटं निघालं. सैरावैरा पळापळ क्वचितच होते. ढिगाऱ्याखालून पहिला हात धरतो तो बहुधा शेजारी. २०२०च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं पायी गावाकडे निघाली होती, तेव्हा कसाऱ्यापासून पुढे ठिकठिकाणी लोक खिचडीची पातेली आणि चपलांचे ढीग घेऊन उभे होते. त्याच दिवसांत, हेही खरं, बाहेरगावाहून येणाऱ्यांना अडवायला गावागावांत रस्त्यावर काटेही टाकले होते. शेजाऱ्यापासूनच रोग येण्याची भीती असली की गणित बिघडतं.

महाराष्ट्रावर जग संपल्यासारखी वेळ आली होती ती १९७२च्या दुष्काळात. विहिरी आटल्या, जनावरं गेली. पण माणसं टोळ्या करून फिरली नाहीत. ती खडी फोडायला गेली. मे १९७३मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. माझी आजी त्यातली एक. ती मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीबद्दल बोलायची, चव आठवून तोंड वाकडं करायची, आणि सोबत खडी फोडणाऱ्या बायकांची नावं ओळीने सांगायची. त्या गोष्टीत खलनायक नव्हताच, त्यामुळे तिच्यावर सिनेमा निघणं कठीण.

मागच्या पुराच्या वेळी पुलावर माझ्या शेजारी एक पोरगा उभा होता, कॉलेजातला असेल. फोनवर कुणाला तरी मारुती दाखवत होता. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने फोन खाली घेतला, डोळे बारीक करून पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "छातीला लागलंय, काका. दुकानातला माल वर घ्या, मी येतोच."

आणि तो सराफ बाजाराच्या दिशेने पळाला. त्याच्या जागेवर लगेच दुसरं कुणीतरी येऊन उभं राहिलं.