घामाचं गणित आणि कामावरची सायकल

सायकलने कामावर जायचा विचार मनात आला की पहिली शंका येते ती घामाची. चिकट अंगाने दिवसभर बसायचं कसं? शंका रास्त आहे. बहुतेक जण तिचं उत्तर टॉवेलात नाहीतर जास्तीच्या शर्टात शोधतात. खरं उत्तर आहे ते वेगात.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात, टायरचा रोध आणि हवेचा रोध. वेग वाढला तरी टायरचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो. हवेचं तसं नाही. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो, आणि हा चौपट रोध दुप्पट वेगाने कापायचा असल्यामुळे त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. सायकल, बॅग आणि माणूस मिळून ९० किलो वजन धरू. साधी, ताठ बसून चालवायची सायकल आहे आणि वारा पडलेला आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाला पायडलवर साधारण ५५ वॅट लागतात. ताशी २० ला १०० च्या आसपास, तर ताशी २५ ला जवळपास १७०. म्हणजे १५ वरून २५ वर गेलात की मेहनत तिप्पट. त्या बदल्यात ५ किलोमीटरच्या अंतरात वाचतात ८ मिनिटं, तीही वाटेत सिग्नल नसतील तर. एरवी सुसाट पुढे गेलेला आणि सावकाश मागून आलेला, दोघंही लाल दिव्यापाशी शेजारी शेजारी उभे असतात.

पायांनी केलेलं काम हा शरीराच्या खर्चाचा छोटा हिस्सा असतो. सायकल चालवताना स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. म्हणजे ताशी १५ च्या वेगाला सुमारे २०० वॅट उष्णता बाहेर टाकायची असते आणि ताशी २५ ला सुमारे ६००. ही ६०० वॅट उष्णता निव्वळ घामावर सोडली तर तासाला जवळपास एक लिटर घाम सुकावा लागेल. सावकाश चालवणाऱ्याचं बरंचसं काम अंगावरून जाणारी हवाच करून टाकते.

खरी गंमत पोचल्यावर होते. वाटेत कोरडं वाटणारं अंग सायकल लावून आत शिरताच घामाने निथळू लागतं. शरीरात साठलेली उष्णता अजून बाहेर पडत असते, घामाच्या ग्रंथी चालूच असतात, पण घाम सुकवणारा वारा बंद झालेला असतो. म्हणून शेवटचं एखादं किलोमीटर मुद्दाम रेंगाळत यावं आणि आत जाण्याआधी चार-पाच मिनिटं सावलीत, मोकळ्या हवेत थांबावं. पाठीवरची बॅग काढून कॅरिअरवर बांधली तर पाठ कोरडी राहते. माझ्या मते नवख्याने पहिला खर्च करायचाच तर तो कॅरिअरवर करावा, भारी सायकलवर नव्हे.

चढ आला की मात्र हा हिशेब बदलतो. तिथे हवा नाही, वजन अडवतं. ५ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर नेणाऱ्या रस्त्यावर, ताशी १० चा वेग धरायचा म्हटला तरी १२० वॅट नुसते वर चढण्यात जातात. वेग निम्मा केला की तेही निम्मे. गिअर असतील तर चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा आणि पाय भरभर फिरत ठेवावेत. जड गिअरवर रेटत राहिलं की गुडघे कुरकुरतात. गिअर नसतील तर उतरून हातात सायकल घेऊन चालावं, त्यात लाज कसली?

गुडघ्यांचा दुसरा शत्रू म्हणजे खाली ठेवलेली सीट. बसल्या जागी दोन्ही पाय टेकले की नवख्याला धीर येतो, पण मग प्रत्येक फेरीत गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि मांडीचा जोर वाया जातो. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यावं. पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. टायरमधली हवाही बघायला हवी. ट्यूबच्या रबरातून ती पंक्चर नसतानाही झिरपत असते आणि मऊ पडलेला टायर दर फेरीला दबून शक्ती खातो. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं.

आता सावकाश म्हणजे किती सावकाश? तोल जाईल इतकं नाही. फिरणाऱ्या चाकांच्या गिरकीमुळे सायकल उभी राहते, असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी ही गिरकी जवळजवळ रद्द करणारी खास सायकल बनवली, आणि तीही चालकाविना तोल सांभाळून धावली. २०११ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तोल सावरण्याचं मर्म आहे ते पडत्या बाजूला हँडल वळण्यात. वेग कमी असला की त्याच तोलासाठी हँडल जास्त वळवावं लागतं, म्हणून अगदी हळू चालणारी सायकल झोके खाते. नेमकं त्याच वेळी मागे वळून पाहायचं आणि हात दाखवायचा असतो. हा सराव मोकळ्या मैदानात करून मगच रहदारीत उतरावं.

ब्रेकचंही तसंच. उलटून पडू या भीतीने बरेच जण फक्त मागचा ब्रेक दाबतात. पण थांबताना भार पुढच्या चाकाकडे सरकतो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. ताशी २० च्या वेगावर, कोरड्या रस्त्यावर, पुढच्या ब्रेकचा नीट वापर केला तर सुमारे ३ मीटरमध्ये थांबता येतं. नुसत्या मागच्यावर त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय मेंदूने धोका ओळखेपर्यंत एक सेकंद गेला तर सायकल साडेपाच मीटर पुढे आलेली असते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत आणि अंग किंचित मागे घेऊन. वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा जपून.

पहिल्या काही दिवसांत बूड दुखेल. सीटवर टेकणाऱ्या हाडांभोवतीच्या भागाला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जाड गादीचं कव्हर हा त्यावरचा इलाज नव्हे, त्यात हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण मात्र काही दिवसांतच वाढू लागतं, त्यामुळे त्याच चढावर दम कमी लागतो.

२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या २ लाख ६३ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये पाहणीच्या काळात मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा सगळा प्रताप सायकलचाच, असं अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. मुळात धडधाकट असणारेच सायकल निवडत असतील. धूम्रपान, आहार वगैरेंचा फरक हिशेबात धरूनही संबंध टिकला, एवढं खरं. काही अंतर सायकलने आणि उरलेलं बस, रेल्वे किंवा मोटारीने कापणाऱ्यांमध्येही कर्करोगाचं प्रमाण कमी दिसलं. तेव्हा कामाची जागा २० किलोमीटरवर असेल, तर घरापासून स्टेशनपर्यंतचं अंतर सुरुवातीला पुरेसं आहे.