ढग पुढे सरकतात, पाऊस मात्र जागचा हलत नाही

ठाण्यात गुडघाभर पाणी आणि वाशीत नुसती भुरभुर, हे आपल्याकडे दर पावसाळ्यात होतं. २६ जुलै २००५ ला याचं टोक गाठलं गेलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. यावरून अंदाज करा.

एकाच ढगात एवढं पाणी मावत नाही. साध्या गडगडाटी ढगाचं आयुष्य तासाभराचं. मग पाऊस दिवसभर कोसळतो कसा? उत्तर बऱ्याचदा समुद्रावर सापडतं. पावसाळ्यात किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि त्यात अधूनमधून वाऱ्याचे छोटे भोवरे उठतात. पश्चिमेचे दमट वारे तिथे एकवटले की हवा वर ढकलली जाते, थंडावते, बाष्पाचं पाणी होतं. हे होताना सुटणारी उष्णता हवेला आणखी वर रेटते. पहिला ढग पूर्वेकडे सरकून रिता होईपर्यंत मागे त्याच जागी दुसरा उभा राहिलेला असतो. रडारवर ढग धावताना दिसतात, पावसाचा पट्टा मात्र तिथेच!

त्यात हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं.

असा पट्टा नेमका कुठे अडेल, हे सांगणं फार अवघड. बारा किलोमीटरच्या चौकटीवर चालणाऱ्या संगणकीय मॉडेलला येऊरचा डोंगर, खाडी आणि ऐरोली मिळून एकच ठिपका वाटतो. आयआयटीएमने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरवर आली, ही मोठी झेप आहे. तरी एकेक ढग त्याहूनही लहान असू शकतो. म्हणून पुढच्या दोन-तीन तासांसाठी भिस्त रडारवर आणि पर्जन्यमापकांवर.

हे मापक पाहण्यासारखं असतं. आत दोन चिमुकल्या वाट्या सी-सॉसारख्या जोडलेल्या. एक भरली की कलंडते, दुसरी नळीखाली येते आणि प्रत्येक कलंडण्याची वेळ नोंदली जाते. रडार उंचावरचे थेंब पाहून अंदाज बांधतं. जमिनीवर खरोखर किती पडलं, ते या वाट्याच सांगतात. माझ्या मते ठाणे-नवी मुंबईत प्रत्येक प्रभागात असं एक यंत्र हवंच.