जुनी हत्यारे घेताना आणि दुरुस्तीला देताना
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सुतारकाम करणारे वडील किंवा आजोबा गेले की त्यांची पेटी माळ्यावर जाते, आणि घराचे काम निघाले की तीच पेटी किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे. त्या पेटीतले पोलाद बहुधा आजच्या बाजारातल्या स्वस्त पटाशीपेक्षा सरस असते. म्हणून वजनावर देण्याआधी ती एकदा उघडून नीट बघावी, एवढ्यासाठी हे पत्रक आहे.

विकत घ्यायची असतील तर पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार तुम्हाला ठाऊक असेलच. सकाळी लवकर जावे आणि ढीग तळापर्यंत उपसावा. मात्र चांगला माल बाजारात यायच्या आधीच निघतो, बंद झालेल्या वर्कशॉपमधून आणि निवृत्त सुतार-फिटरांच्या घरांतून. अशा घरी गेलात तर एखादेच हत्यार न निवडता सगळी पेटी घ्या, आणि तिची योग्य किंमत द्या. रंध्याचा हरवलेला स्क्रू पुष्कळदा त्याच पेटीच्या तळाशी सापडतो.

गंज नव्हे, खड्डे आणि निळा पट्टा बघा

वरवरचा लाल गंज निघतो, त्याला घाबरू नये. पटाशी हातात आली की आधी तिची सपाट पाठ बघा. धार म्हणजे पाठ आणि उतार जिथे मिळतात ती रेघ. उताराचा भाग घासून नवा करता येतो, पण पाठीवर टोकाजवळ गंजाने खोल खड्डे पाडले असतील तर प्रत्येक खड्डा धारेपर्यंत आला की तिथे खाच राहते. खड्डे मुठीकडे असतील तर चिंता नाही.

दुसरी खूण रंगाची. कोणी ग्राइंडरवर दाबून धार लावली असेल तर टोकाशी निळा-जांभळा पट्टा उमटतो. साधे कार्बन पोलाद सुमारे २२०-२३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळे दिसते आणि ३०० च्या आसपास निळे. निळे झाले की पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि धार टिकत नाही. पट्टा अरुंद असेल तर तेवढा भाग सावकाश, पाण्यात बुडवत घासून काढला की मागचे पोलाद शाबूत मिळते. रुंद असेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो.

जुन्या इंग्रजी पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा दिसला तर ती जपून ठेवा. ते ओतीव बीड (कास्ट आयर्न) नव्हे, मुशीत वितळवून केलेले एकजिनसी पोलाद आहे. ही पद्धत बेंजामिन हंट्समन या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने १७४० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ बसवली.

लोखंडी रंध्याची परीक्षा वेगळी. त्याचे अंग बिडाचे असते, पडले की तडकते. पाते जिथून बाहेर येते त्या तोंडाशी आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तडा शोधा. शंका असेल तर रॉकेल किंवा पातळ मशीन ऑइल लावा, कोरडे पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेले तेल पाझरून खडूवर रेघ उमटते. तोंडाला तडा गेलेला रंधा शोभेसाठी घ्या, कामासाठी नको. आम्ही बिडाला वेल्डिंग करून देत नाही, कारण ते आपल्या विश्वासाचे काम होत नाही.

अमेरिकेच्या स्टॅन्ली कंपनीने लेनर्ड बेलीचे लोखंडी रंध्याचे पेटंट १८६९ मध्ये घेतले, आणि शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने त्याच घडणीचे रंधे १९३१ पासून काढले. त्यामुळे चार नंबरच्या मापाच्या रंध्याला दोन इंची पाते आजही मिळते. स्क्रूचे मात्र तसे नाही. स्टॅन्लीचे आटे हार्डवेअरच्या दुकानातल्या बोल्टला जुळत नाहीत, म्हणून स्क्रू नसलेला रंधा स्वस्त मिळाला तरी विचार करून घ्या.

आपल्याकडचा शिसवी रंधा कमी समजू नका. वर्षानुवर्षे तळ झिजून त्याचे तोंड रुंद होते. तिथे लाकडाचा तुकडा बसवला की तो पुन्हा पातळ, अखंड छिलका काढतो. हे आमचे आवडते काम आहे. नाशिकच्या टपारिया कंपनीच्या जुन्या पकडीही सांधा अडकला म्हणून टाकू नयेत. तेलात भिजवून उघड-मीट केल्यावर बहुतेक सुटतात.

करवत डोळ्यासमोर धरून पात्याच्या रेषेत बघा. लांबट बाक काढता येतो. मोडल्यासारखी टोकदार घडी असेल तर सोडून द्या.

घरी साफ करताना

लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुष्कळ झाले. हत्यार रात्रभर बुडवून सकाळी ताठ ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवा. कोरडे करायला वेळ लागला तर डोळ्यांदेखत नवा गंज चढतो. लाकडी मूठ आणि पितळेचे भाग आधी काढून ठेवा. करवतीचे पाते आम्लात तासन्‌तास ठेवू नका, ते ठिसूळ होऊ शकते.

कृपया ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून हत्यार आरशासारखे करू नका. कारखान्याचा ठसा आणि मालकाने पंचने ठोकलेली आद्याक्षरे त्यात पुसली जातात. पुढच्या वापरणाऱ्याला हत्याराची ओळख त्यांवरूनच पटते, त्यामुळे आम्ही ती कधीही काढत नाही.

मूठ बदलायची असेल तर धक्का सोसणाऱ्या हत्याराला बाभूळ किंवा धावडा, पटाशीला शिसव. वर जवसाचे तेल चोळा. तेलाचा बोळा चुरगळून टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तो उघड्यावर पसरून वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पोलादाला गोडेतेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. शिलाई मशीनचे तेल उत्तम. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या ग्राहकांनी पावसाळ्यात हत्यारे चामड्याच्या म्यानात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नयेत, दोन्ही ओल धरतात. तेल लावलेल्या सुती कापडात ठेवून महिन्यातून एकदा उघडून बघावीत.