ऑलिव्हचं काळं पाणी

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दुकानात ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली उचलावी, तर तिच्यातल्या पॉलिफिनॉल्सचं, म्हणजे फळातल्या तुरट-कडवट रसायनांचं, कौतुक ऐकायला मिळतं. चांगलं तेल घशाला खवखवतं ते यांच्यामुळेच. पण फळातल्या पॉलिफिनॉल्सपैकी तेलात उतरतात जेमतेम २ टक्के. निम्मे तेल काढताना घाण्यातून निघणाऱ्या पाण्यात, बाकीचे चोथ्यात.

चिरलेलं वांगं ज्या कारणाने काळं पडतं, त्याच कारणाने हे पाणीही काळवंडतं. चवीला आंबट, आणि शुद्ध करायला भयंकर जड. पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन म्हणजे सीओडी. शहरी सांडपाण्यात तो लिटरला साधारण अर्धा ग्रॅम असतो, इथे ४० ते २०० ग्रॅम! दिंडोरी-विंचूरकडच्या वायनऱ्यांत हंगामात टाक्या धुतल्यावर निघणारं पाणी याचंच सौम्य भावंड. तेही आंबट, तेही टॅनिनचं (टॅनिन हेही पॉलिफिनॉलच), तेही वर्षातले मोजकेच महिने. उरलेलं वर्ष शुद्धीकरणाच्या टाकीतल्या जिवाणूंना खायला काय घालायचं, हा दोन्हीकडचा प्रश्न.

गोबरगॅससारख्या हवाबंद टाकीत हे पाणी सोडलं, तर मिथेन मिळतो. अडचण एवढीच, की झाडाने पॉलिफिनॉल्स बनवले तेच मुळी कीड आणि जंतूंना लांब ठेवायला. ते मिथेनच्या जिवाणूंनाही सोडत नाहीत. मग त्यात गुरांच्या गोठ्यातली शेण-मुताची रबडी मिसळतात. पाण्याचा जहालपणा उतरतो, आम्लता आवरते आणि या पाण्यात कमी असलेलं नत्रही मिळतं. दुसरी वाट लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची. ती पॉलिफिनॉल्सच्या रेणूतली कडी फोडते, पण खर्चिक आहे आणि मागे गाळ ठेवते. मला विचाराल तर गाळण-पडद्यांनी यातलं हायड्रॉक्सिटायरोसॉल हे ऑलिव्हचं पॉलिफिनॉल वेगळं काढून विकणं जास्त शहाणपणाचं. जे लोक बाटलीतून विकत घेतात, ते नाल्यात का सोडायचं?

स्पेनने १९९०च्या दशकात घाण्यात वरून पाणी घालणंच जवळपास बंद केलं. पाणी आटलं, पण चोथा चिखलासारखा ओला झाला. आगीतून फुफाट्यात.

हे पाणी घाण्यातून वाहून शेतात शिरलं की जमीन काळी आणि नापीक होते, असं रोमन लेखक व्हॅरोने दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवलंय. आपण खळं शेणाने सारवतो, रोमन लोक मुंग्या येऊ नयेत म्हणून याच पाण्याने सारवत. इटलीच्या १९९६च्या कायद्याने ते शेतात द्यायला परवानगी दिली, पण मोजून. दाबाच्या जुन्या घाण्याचं पाणी जास्त दाट, म्हणून वर्षाला हेक्टरी ५० घनमीटर. आपल्या हिशेबात एकरी दहा हजार लिटरचे दोन टँकर.